‘बघू’ला रकाना नव्हता

कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा मी शिरूरच्या घरी गॅलरीत पेपर वाचत बसलो होतो. मुलीचा आवाज गोड होता आणि तिला घाई होती. “सर, नवीन विक्री अधिकाऱ्यांसाठी आपण एक पुस्तिका काढतोय. यशस्वी विक्रीप्रमुखाच्या अंगी कोणते गुण लागतात, यावर. त्यात तुमच्यावर दोन पानं आहेत. मजकूर तयार आहे, व्हॉट्सॲपवर टाकलाय. तुम्ही फक्त वाचा आणि ओके म्हणा.”

मी चष्मा पुसून वाचलं. सात गुण होते, आणि प्रत्येकाखाली माझ्या नोकरीतलं एकेक उदाहरण. पाचवा गुण असा: ‘चुकलेल्या सहकाऱ्याच्या पाठीशी उभं राहण्याचं मोठेपण.’ त्याखाली लिहिलं होतं की शिरूर-दौंड भागातल्या एका फील्ड ऑफिसरने खोटे रिपोर्ट पाठवले, कंपनीचं नुकसान झालं, तरीही सरांनी शब्द टाकून त्याची नोकरी वाचवली.

ही गोष्ट मला नवीन नव्हती. कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये बारा-तेरा वर्षं ती सांगितली जाते. दोन वेळा तर मी हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसून ऐकली आहे. टाळ्या वाजल्या की मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

मी ओके म्हटलं नाही. खोटे रिपोर्ट त्याने पाठवले नव्हते, मी पाठवले होते. त्यांना दोन पानं हवी होती ना, ती मी लिहून दिली. त्यांनी ती छापली नाहीत. म्हणून आता इथे सगळंच लिहितो. ज्याला राग यायचा त्याला येऊ द्या.

आमची कंपनी जनावरांचं खाद्य बनवायची. गोळी पेंड. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांचा मी एरिया मॅनेजर होतो. भीमेच्या अलीकडे न्हावरे, पलीकडे केडगाव, खाली हायवेला यवत. घरटी दोन-चार जर्शी गायी, सकाळ-संध्याकाळ डेअरीवर कॅनची रांग. माझ्या हाताखाली जो फील्ड ऑफिसर होता तो केडगावजवळच्या एका गावातला, बौद्ध वस्तीतला. शेतीचा डिप्लोमा केलेला, त्या घरातला पहिला पगारदार. वय तिशीच्या आत. त्याच्याकडे एक जुनी मोटारसायकल होती आणि खांद्याच्या पिशवीत एक जाड डायरी.

या डायरीवर सगळं उभं आहे, म्हणून जरा सांगतो. बाकीचे फील्ड ऑफिसर ‘भेट झाली, प्रतिसाद चांगला’ असं लिहायचे. हा गडी समोरचा माणूस जे बोलला तेच लिहायचा. ‘चार गायी. पेंड बदलली की गाय तोंड लावत नाही म्हणाले. बघू म्हणाले.’ ‘चहा पाजला. कंपनीचं नाव विचारलं नाही. बघू.’ ‘मालक घरी नव्हते. बाई म्हणाल्या, धार मी काढते, पेंड मी घालते, मलाच सांगा. सांगितलं. बघू म्हणाल्या, पण नमुना ठेवून घेतला.’

मी चेष्टा करायचो. “अरे, हा रिपोर्ट आहे का कादंबरी? घेणार का नाही घेणार, एवढं लिही.”

“साहेब, ते बघू म्हणलेत.”

“बघू म्हणजे?”

“तुमी हितलंच हाय की! बघू म्हंजी न्हाई. चहा पाजून म्हणलेलं न्हाई.” मग हसून पुढे सांगायचा, “आन् बोलताना मधी मधी व्हय-व्हय म्हणत्यात ना, ते बी हो न्हाई बरं का. व्हय म्हंजी ऐकतोय, चालू द्या. पर समदेच बघू सारखे नसत्यात. नमुना ठिवून घेतला, न्हाईतर पुढचं कायतरी इचारलं, तर त्या बघूत जीव हाय. नुसताच बघू म्हणून गोठ्याकडं वळला, तर आपण गाडीला किक मारायची.”

मला हे शिकवायची गरज नव्हती. माझा जन्म याच तालुक्यातला. माझे वडील आयुष्यभर लोकांना बघू म्हणत आले. बाहेरून आलेला एखादा मॅनेजर फसला असता तर त्याला माफ करता आलं असतं. मला ती सोय नाही.

त्या वर्षी कंपनीने नवी पेंड काढली आणि पावसाळ्याआधी बाजारात उतरवायचं ठरवलं. मुंबईहून एक फॉर्म आला. वर फील्ड ऑफिसरचं नाव, खाली शेतकऱ्याचं नाव, गायी किती, आणि शेवटी दोन रकाने: हो आणि नाही. एरिया मॅनेजरने फील्डच्या रिपोर्टवरून तो भरून पाठवायचा. बघूला रकाना नव्हता. ज्याने तो फॉर्म बनवला त्याला असा काही शब्द जगात आहे हेच माहीत नसावं.

रोज सकाळी माझ्या साहेबांचा फोन. “आकडा सांग.” रीजनल मॅनेजरची जागा रिकामी होणार होती आणि त्या जागेसाठी आम्ही तिघे होतो. मी न्हावऱ्यात डेअरीसमोर उभा राहून फोनवर मोठ्याने आकडे सांगायचो. रेंज तिथेच यायची.

फॉर्म भरले ते यवतला, हायवेच्या एका धाब्यावर, भर दुपारी. एका बाजूला त्याची डायरी, दुसऱ्या बाजूला फॉर्मचा गठ्ठा. जिथे जिथे बघू होतं तिथे मी हो वर खूण केली. पेन कुठे अडखळलं नाही, हे मुद्दाम लिहितो. मधे मिसळ मागवली, ती खाल्ली, हात पुसले आणि पुढच्या खुणा केल्या. डायरी माझ्या बॅगेत टाकली आणि त्याला सांगितलं, राहू दे माझ्याकडे, नवीन घे.

गाड्या आल्या. न्हावऱ्याच्या डीलरचा फोन आला, “आप्पा, एवढा माल कुणी सांगितला?” मी म्हटलं, “तुमच्या गावानं.” गावाने अर्थातच घेतला नाही. पाऊस लागला. पेंड ओल धरते. गोडाऊनच्या भिंतीला टेकलेल्या पोत्यांना आधी वास सुटला, मग बुरशी आली. वरच्या थरातली दोन-चार पोती विकली गेली होती, ती पेंड पुढ्यात आली तसं गायींनी गव्हाणीतून तोंड वर केलं ते केलंच. डीलरने सगळा माल परत पाठवला आणि वर कंपनीला पत्र लिहिलं.

चौकशीला पुण्याहून एक साहेब आले. बसलो परत यवतलाच, त्याच धाब्यावर, आतल्या खोलीत. फील्ड ऑफिसरला बाहेर बाकड्यावर बसवलं होतं. साहेबांनी फॉर्म काढले, वरचं नाव वाचलं आणि मला त्याचं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते पुन्हा एकदा विचारलं. ऐकू आलं नव्हतं म्हणून नाही. दुसऱ्यांदा का विचारलं ते मला कळलं, आणि आता माझं काम सोपं झालं हेही कळलं. हे लिहायला मला सगळ्यात जड गेलं.

डायरी पायाशी बॅगेत होती. मी बॅगेला हात लावला नाही. मी म्हणालो, “पोरगा मेहनती आहे, साहेब. उत्साहाच्या भरात झालं असेल. नोकरी घालवू नका. बदली करा.”

साहेब म्हणाले, “तुमचं मन मोठं आहे.”

पाचवा गुण तो हाच.

बाहेर आलो तर तो उठून उभा राहिला. “डायरी दावली का साहेब?”

“तू काळजी करू नको,” मी म्हणालो.

बदली विदर्भात झाली. त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती. त्याने दोन आठवडे वाट पाहिली आणि राजीनामा दिला. मी दिवाळीच्या आधी रीजनल मॅनेजर झालो, पुढे विक्रीप्रमुख.

तर, गुणांविषयी. पुस्तिकेतले उरलेले सहा गुण माझ्यात होते, त्यात खोटेपणा नाही. मी पहाटे उठायचो. माणसांची, त्यांच्या पोरांची, गायींचीसुद्धा नावं लक्षात ठेवायचो. दिवसाला पंधरा चहा पचवायचो. दहा दारांवर नकार ऐकून अकराव्या दारावर तोंड हसरं ठेवायचो. हाताखालच्या माणसांकडून काम करून घ्यायचो, वरच्यांना वेळेवर उत्तर द्यायचो. हे सगळं लागतंच, आणि हे सगळं अंगी असलेला माणूस धाब्यावर बसून खोट्या खुणा करू शकतो. त्या मुलीने केलेली यादी म्हणूनच मला पुरेशी वाटत नाही. विक्रीप्रमुख दोन टोकांच्या मधे बसलेला असतो. खाली गोठ्यात एक भाषा, वर ऑफिसात दुसरी. खालून जो शब्द आला तो वर जसाच्या तसा पोचवायचा, आणि रकाना नसेल तर फॉर्मच्या कडेला लिहायचा, मग साहेब ओरडले तरी ओरडू द्यायचे. एवढी छाती नसेल तर बाकीचे गुण नुसते वेग वाढवतात. मला ती छाती नव्हती. माझ्या हाताखालच्या पोराला होती, आणि त्याला कुणी ट्रेनिंग दिलं नव्हतं.

फोन आला त्या दिवशी मी माळ्यावरची पेटी खाली काढली. डायरी तळाशी होती. बायको दारात उभी राहून बघत होती. तिला हे सगळं मी निवृत्तीनंतर सांगितलं होतं.

“इतकी वर्षं काय केलंत? आता त्या बिचाऱ्याला कशाला त्रास?”

“त्रासच द्यायचाय. त्याला नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शिरूरहून एसटी धरली. न्हावऱ्यावरून, भीमेच्या पुलावरून, केडगाव. स्टेशनच्या रस्त्याला त्याचं पेंडीचं दुकान आहे, हे मला माहीत होतं. पाहिलं मात्र कधी नव्हतं. पोती लाकडी फळ्यांवर रचलेली, जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून हातभर लांब. मी ती थप्पी बघतच उभा राहिलो. एक बाई पायरीवर बसून त्याच्याशी वाद घालत होती. तिला गायीसाठी कसलीशी महागडी पावडर हवी होती.

“मावशी, गाय कवा व्यायची हाय?”

“अजून दोन म्हैने हायेत.”

“मग आत्ता नगं. पुढल्या म्हैन्यात न्या.”

“आरं, इकायचं हाय का न्हाई तुला?”

“इकायचंय की. पर तुमालाच पुन्ना पुन्ना इकायचंय.”

बाई हसत, त्याला नावं ठेवत गेली. मग त्याने मला पाहिलं. केस पिकले होते, पोट सुटलं होतं. लगबगीने पुढे आला, खुर्ची फडक्याने पुसली. “या साहेब! आन् एकलेच? फोन तरी करायचा.”

मी कायम त्याला तू म्हणत आलो. त्या दिवशी जीभ वळेना. “तुम्ही कसे आहात?” म्हणालो.

“तूच म्हणा साहेब. तुमी अहो-जाहो केलं की वाटतं, पुन्ना बदली आली काय.”

चहा सांगितला. तो येईपर्यंत मी थांबलो नाही, नाहीतर पुन्हा राहिलं असतं. डायरी त्याच्या काउंटरवर ठेवली. त्याने ओळखली. पहिली काही पानं उलटली आणि त्याला हसू आलं. “ही धारवाली बाई... अजून गिऱ्हाईक हाय माझी. आता सून काढती धार.” आणखी दोन पानं. मग त्याचा हात थांबला.

“म्हंजी ही दावलीच न्हवती.”

“नाही.”

“फॉर्म?”

“मी भरले. हो च्या खुणा माझ्या.”

तो डायरी मिटून तिच्यावर हात ठेवून बसला. 

“मला वाटलं, खुणा वरच कुणीतरी फिरवल्या, तुमी डायरी दावली आन् त्या पुण्याच्या साहेबानं मानली न्हाई. इतकी वर्सं त्याला शिव्या घातल्या मी. आन् तुमाला दिवाळीचा फोन करत हुतो.”

चार-पाच वर्षं येत होता तो फोन. मी ‘तुम्हालाही’ म्हणून ठेवून द्यायचो.

“माफी मागायला आलोय असं समजू नकोस,” मी म्हणालो. “माफी मागितली की तुला काहीतरी बोलावं लागेल. मी हे लिहून देणार आहे. कंपनीला, डीलरला, सगळ्यांना.”

“मला न्हावऱ्यात जाता येत न्हाई साहेब,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “नदी वलांडली न्हाई मी तवापासनं. बहीण दिलीय तिकडं. तिच्या पोराच्या लग्नाला न्हाई गेलो. डेअरीवर कोणतरी म्हणंल, ह्यो बघा, आमच्या नावानं खोटं लिवणारा.”

“मी तिथेच वाचून दाखवतो. डेअरीवर. तू ये.”

त्याने चहाचा कप माझ्याकडे सरकवला आणि पोत्यांकडे पाहिलं. “बघू,” म्हणाला.

त्याने पुढचं काही विचारलं नाही. मी चहा पिऊन उठलो.

घरी येऊन दोन पानं लिहिली आणि पुण्याला पाठवली. तीन दिवसांनी मुलीचा फोन. “सर, खूप निगेटिव्ह होतंय हो. पाचवा गुण काढूनच टाकू का? सहा ठेवू.”

“काढू नका. बदला. मी लिहिलंय तसं छापा.”

“मी वरती विचारते. बघू, सर.”

“गाव कुठलं गं तुझं?”

“इंदापूरकडचं.”

“मग आपण दोघंही या शब्दाला चांगले ओळखतो,” मी म्हटलं. ती ओशाळून हसली. पोरीचा दोष काहीच नव्हता.

संध्याकाळी वरच्यांचाच फोन आला. आज मोठ्या खुर्चीवर असलेला हा गृहस्थ एकेकाळी माझ्या हाताखाली होता. “आप्पा, कशाला उकरताय? तुमचाच मान जाईल.”

“जाऊ दे. माझा आहे तो. त्याचा नेला होता, तो माझा नव्हता.”

“उद्या काही झालं तर कंपनी तुमच्या बाजूने उभी राहणार नाही.”

“राहू नका. विचारलं कुणी तर माझं नाव सांगा. कागदाच्या वर, पहिल्या ओळीत. त्याचं टाकलं होतं तसं.”

त्याने फोन ठेवला. मला त्या पुस्तिकेतून अख्खंच वगळलं, असं नंतर कळलं. उत्तम झालं.

परवा सकाळी मी न्हावऱ्याला गेलो. दूध घालायची वेळ. कॅनच्या रांगेत पंचवीसेक माणसं असतील, बाया होत्या, बाईकवर बसलेली पोरं होती. डीलरला आधी सांगून ठेवलं होतं, तोही आला. मी कागद काढून वाचला.  मी वाचत असताना ते मधे मधे “व्हय, व्हय” म्हणत होते. ऐकत होते. कागद संपला. मग माझ्याच वयाच्या एका शेतकऱ्याने कॅन खाली ठेवला.

“आप्पा, ह्यात नवं काय हाय?”

“म्हणजे?”

“आमी हो म्हणलोच न्हवतो, ते आमाला ठावं व्हतं. आन् हितं, ह्या खांबापाशी हुबं ऱ्हाऊन आकडे कोण वरडत व्हतं, ते बी समद्या रांगंनं ऐकलंय. त्या पोरावर कुणाचा सौंशय न्हवताच कवा.”

“मग बोलला का नाहीत कुणी?”

“तुमी कवा इचारलं?”

मागून एक बाई म्हणाली, “त्यो येतच न्हाई की इकडं. भैनीला बी इचारलं आमी, का येत न्हाई म्हणून. तिला काय सांगता यीना.”

म्हणजे सगळा गाव जाणत होता. न जाणणारा एकटा नदीपलीकडे लाजेने बसला होता आणि ती लाज माझी होती.  डीलरने माझ्या हातातून कागद घेतला, दुकानात जाऊन चिकटपट्टीने काचेवर लावला. आतून नाही, बाहेरून. अजून आहे. कंपनीचा कुणी माणूस तिथे गेला तर त्याने खुशाल वाचावा, काढायला मात्र डीलरची परवानगी लागेल.

तिथूनच मी केडगावला फोन लावला. झालं ते सांगितलं, त्या शेतकऱ्याचे शब्द होते तसेच सांगितले, माझ्या भाषेत बदलले नाहीत. तो मधे व्हयसुद्धा म्हणाला नाही. मला वाटलं, फोन कट झाला.

“ऐकतोयस ना? येशील का एकदा इकडे?”

“बघू,” तो म्हणाला. मी फोन ठेवणार होतो, तेवढ्यात त्याने विचारलं, “दूध अजून सातलाच घेत्यात का तिथं?”

सातलाच घेतात, असं मी सांगितलं.

डायरी त्याच्याकडे आहे, म्हणून नोंद मी इथे करतो. बघू म्हणाले, पण वेळ विचारली. हो पुढे खूण केलेली नाही.